भिंतीवरचा गोल

अलीकडे कोरी भिंत दिसली की माझा उजवा खांदा आपोआप दुखायला लागतो. चाळीस वर्षं हात वर करून काम केल्यावर दुसरं काय होणार. डॉक्टर म्हणतात, हात खांद्याच्या वर नेऊ नका. मी म्हणतो, साहेब, भिंत खाली कुठून आणू? ते हसतात, गोळ्या लिहून देतात, आणि पुढच्या महिन्यात संस्थेचा फोन येतो की काका, नवीन गाव मिळालंय.

बीडच्या स्टँडजवळ माझं बोर्ड रंगवायचं दुकान होतं. दुकानांच्या पाट्या, ट्रॉल्यांवरची नावं, निवडणुकीच्या भिंती, पुढाऱ्यांचे वाढदिवस आणि गेलेल्या माणसांचे श्रद्धांजलीचे बोर्ड, सगळं माझ्याकडे यायचं. मग फ्लेक्स आलं आणि आमचा धंदा बसला. त्या दुकानात आता माझा पुतण्या मोबाईलची कव्हरं विकतो. मी घरी बसून चिडचिड करत होतो, तेवढ्यात एका संस्थेने बोलावलं. त्यांना गावकुसाबाहेरच्या वस्त्यांमधल्या पोरापोरींकडून गावोगावी भिंती रंगवून घ्यायच्या होत्या आणि शिकवायला हातात ब्रश धरलेला माणूस हवा होता. कागदावर त्या कामाला लांबलचक नाव आहे, त्यात सक्षमीकरण हा शब्द दोनदा येतो. मी त्याला भिंतकाम म्हणतो.

सुरुवातीला मला हुरूप होता. पहिल्या दोन-तीन गावांत पोरांच्या हातात ब्रश दिला की माझ्याच डोळ्यांत पाणी यायचं. आता येत नाही, कारण पुढचं सगळं पाठ झालेलं असतं. पहिल्या दिवशी पोरं लाजणार, दुसऱ्या दिवशी एकमेकांच्या शर्टाला रंग फासणार, तिसऱ्या दिवशी निम्मी येणारच नाहीत. शेवटच्या दिवशी पाहुणे गाडीतून उतरणार, पोरांच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढणार, पोहे खाणार आणि निघून जाणार. महिन्याभरात त्या भिंतीवर कुणीतरी बोअरवेलची जाहिरात चिकटवणार. मी कुणाला दोष देत नाही. मी फक्त दमलोय.

हे गाव बीडहून नारायणगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. जानेवारीचे दिवस होते आणि शाळेची लांबच लांब कुंपणभिंत रस्त्याच्या कडेने गेलेली. वस्ती निम्मी रिकामी होती. माणसं दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाच्या टोळीबरोबर ऊस तोडायला जातात ती कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे ऊस संपून कारखाना बंद होईपर्यंत, परत येत नाहीत. मागे राहतात म्हातारी माणसं, शेरडं आणि शाळा धरलेली पोरं.

अकरा जण जमले. संस्थेची ताई बरोबर होती, पंचविशीतली, मनाने चांगली आणि सतत फोनवर. विषय तिनेच आणला होता, 'माझं स्वप्न'. हा विषय मी इतक्या गावांत रंगवलाय की पोरांनी तोंड उघडायच्या आत मला चित्रं दिसतात. पोलीस, डॉक्टर, हेलिकॉप्टर. एका गावात एकाने जेसीबी काढला होता, तेवढाच काय तो वेगळेपणा.

पहिल्या दिवशी मी नेहमीची शिकवणी घेतली. सुतळी निळीत बुडवून भिंतीवर ताणायची, मधोमध चिमटीत धरून सोडायची, की सरळ रेघ उठते. अशा रेघा मारून चौकटी पाडायच्या आणि चित्र चौकटीचौकटीने मोठं करायचं. मग रंगांची ओळख. डिस्टेंपर पाण्याचा, ऑईल पेंट तेलाचा. चुना पाण्याच्या रंगावर बसतो, ऑईलवर कधी बसत नाही, उन्हात पापुद्रे धरून गळून पडतो. हे मी प्रत्येक गावात सांगतो आणि कुणी ऐकत नाही. इथे एका मुलीने ते वहीत लिहून घेतलेलं मी पाहिलं.

ती दहावीत होती. काटकुळी, दोन वेण्या, बोलणं मोजकं. आई-बाप उसाला गेलेले आणि ही थोरल्या चुलतीकडे राहायची, कारण चुलतीची कंबर उसातच गेली होती आणि टोळीला तिचा उपयोग उरला नव्हता. मी विचारलं, "तू काय काढणार?"

"आई."

"विषय काय दिलाय? आई हे स्वप्न असतं का?"

ती सुतळी गुंडाळायला लागली. मीही जोर केला नाही, कारण एक चेहरा म्हणजे किती काम असतं हे तिला माहीत नव्हतं आणि मला माहीत होतं. दुपारपर्यंत ती विसरेल असं वाटलं. ती विसरली नाही. दुसऱ्या दिवशी रंग ढवळता ढवळता तिने आपणहून सांगितलं.

पाच वर्षांपूर्वी तिच्या मामाच्या मुलीचं लग्न होतं. आई मुकादमाच्या हातापाया पडून दोन दिवसांची सुट्टी काढून निघाली. जळका ऊस तोडत होते, अंगावर-तोंडावर काजळी होती, आणि मिळेल त्या गाडीने ती थेट मांडवात पोचली. मामी चार बायकांत म्हणाली, तोंड तरी धुऊन यायचं. मामाने ते ऐकलं आणि तो काही बोलला नाही. आई न जेवता माघारी फिरली. तेव्हापासून मामा पंचमीला न्यायला आला नाही आणि आईही माहेरी गेली नाही.

"लई रडली ती," मुलगी म्हणाली. "तवापासून कुणाला फोटू काढू देत न्हाई. मला तिचं तोंड काढायचंय. मोठ्ठं. धुतल्यालं. ती पट्टा पडल्यावर येईल ना, तवा ह्याच रस्त्यानं येईल. तिला दिसाया पायजे."

मला हे नको होतं. पण नाही म्हणायलाही बोलावं लागतं, आणि तेवढं बोलायचं त्राण माझ्यात नव्हतं. मी म्हटलं, फोटो आण.

तिने आधार कार्डाची झेरॉक्स आणली. त्यात एक बाई आहे, एवढंच कळत होतं. मी म्हटलं, यावरून तर मी कुणाचीही आई काढू शकतो. मग आमच्यातला एक मुलगा पुढे आला, मुसलमान गल्लीतला, त्याच्या वडलांचं गॅरेज होतं आणि फोन त्यातल्या त्यात बरा होता. त्याने व्हिडिओ कॉल लावला. टोळी साताऱ्याकडच्या कुठल्याशा फडात होती. पडद्यावर एक बाई आली, डोक्याला आणि तोंडाला टॉवेल बांधलेली, फक्त डोळे दिसत होते.

"आये, तोंड सोड की."

"कावून?"

"सोड म्हणते ना. एक मिनिट."

"काम सोडून तोंड काय दावू? पाचट कापतंय समदं." पण तिने टॉवेल खाली ओढला. तीन-चार सेकंद तिचा चेहरा दिसला, ती हसत होती आणि हसू झाकायला हात वर आणत होती. मग नेटवर्क गेलं. पोराने तेवढ्यात स्क्रीनशॉट घेतला होता. "काका, देखो, बराबर आया," तो म्हणाला. नाक जरा धूसर होतं, पण हनुवटीवरचं गोंदण स्पष्ट होतं. तीन ठिपके, मधला थोडा खाली सरकलेला. मुलगी फोन हातात घेऊन बराच वेळ बघत बसली. मला म्हणाली, "काका, आईच्या गालावर खळी पडती, मला ठावंच नव्हतं."

मी तोंड फिरवून ब्रश धुवायला गेलो. असलं काही ऐकलं की मला राग येतो, आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही.

चेहरा मी ऑईलमध्येच करतो, ती माझी सवय. बाकी भिंत डिस्टेंपरची. दोन दिवस आम्ही दोघं त्या चेहऱ्यावर होतो. मोठं काम माझं, पण ती चौकट चौकट मोजून मला सांगायची, भुवई इथून सुटली, कान इथे संपला. कातडीचा रंग मी नेहमीसारखा कालवला, पांढरा जास्त, पिवळा थोडा, लाल बोटभर. आमच्या धंद्यात बोर्डावरचा प्रत्येक माणूस गोरा असतो. मेलेला तर जास्तच. तिने डब्यात बघितलं.

"आई आशी न्हाई."

"चित्रात असं चालतं."

"न्हाई काका. रापलेली हाय ती. आमाला वळखू आली पायजे."

मी चिडलो. चाळीस वर्षांत मला गिऱ्हाइकाने सावळं कर म्हणून सांगितलं नव्हतं. तरी डबा बदलला, तपकिरी घातला, आणि तिने मान डोलावेपर्यंत घालत राहिलो. खळी केली. गोंदण मात्र मी करणार म्हणाली, आणि काडीपेटीतल्या काडीच्या टोकाने हिरवा-काळा रंग घेऊन तिने तीन ठिपके ठेवले, मधला थोडा खाली.

आता माझी चूक सांगतो. चेहरा झाल्यावर त्याच्याभोवती काहीतरी हवं होतं, नाहीतर मुंडी हवेत तरंगते. मी पट्टीचा ब्रश घेतला आणि माझ्या हाताने जे वर्षानुवर्षं केलंय तेच केलं. चेहऱ्यामागे त्याच ऑईलमध्ये फिकट निळा हात मारला आणि बाहेरून पांढऱ्या रेघेचा लांबट गोल काढला. एका दमात, न थांबता, कुठेही रेघ न हलता. पोरांनी टाळ्या वाजवल्या. इतका सुबक गोल दुसऱ्या कुणाला काढता येणार नाही, असं माझ्या मनात आलं, हेही खरं. उरलेली पोरं भेंडी आडवी कापून तिचे ठसे मारत होती, भेंडीचं फूल फार छान उठतं. केशरी फुलांची ती ओळ भिंतीच्या तळातून निघाली होती. ती गोलापाशी आली तेव्हा पोरांनी ती गोलाखालून वळवून पलीकडे नेली.

संध्याकाळी मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिलो. पोलीस, डॉक्टर, हेलिकॉप्टर, आणि मधोमध एक सावळी बाई हसतेय. कितीतरी वर्षांनी मला माझं काम आवडलं. पोरीला मी तसं सांगितलंही. ती म्हणाली, "चुलतीला बी आवडलं. फकस्त ती म्हणाली, जरा कसंतरी होतंय बघून." मी म्हटलं, म्हाताऱ्या माणसांना सगळंच कसंतरी होतं.

दुसऱ्या दिवशी एकादशी होती. सकाळपासून गडाला जाणाऱ्या माणसांची रीघ लागली, पायी, मोटरसायकलवर, टेंपोत बसून. भिंतीपाशी आले की बरेच जण वेग कमी करत, कुणी हात जोडी, कुणी कपाळाला बोट लावी आणि पुढे जाई. गड त्याच अंगाला होता. मला वाटलं, गडाला हात जोडतायत. एकाने मोबाईल काढून फोटो घेतला. मी पोरांना म्हटलं, बघा, तुमचं काम गाजतंय.

एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, ऊन चढल्यावर, एक क्रूझर येऊन थांबली. मी स्टुलावर उभा राहून हेलिकॉप्टरचा पंखा नीट करत होतो. गाडीतून तीन बायका उतरल्या आणि उतरल्या उतरल्या, वस्तीकडे तोंड करून, गळा काढून रडायला लागल्या. आपल्याकडे मयताला येणारी बाई घर दिसलं की रडायला सुरुवात करते, त्यामुळे वस्तीत कुणीतरी गेलंय हे मला कळलं. कोण गेलं, याचा विचार करत मी खाली उतरलो. त्यांच्यामागून एक पन्नाशीचा माणूस उतरला, धोतर, टोपी, पाय अनवाणी. तो वस्तीकडे गेलाच नाही. सरळ भिंतीकडे आला, गोलापुढे उभा राहिला, आणि भिंतीला कपाळ टेकून लहान मुलासारखा हुंदके द्यायला लागला. रंग ओला नव्हता हे बरं, असं माझ्या मनात आलं. माणूस काय विचार करतो त्याला काही धरबंध नसतो.

तोपर्यंत चुलती कणकेच्या हातांनी, वाकत वाकत आली होती. तिला बघून बायकांनी आणखी सूर चढवला. चुलती ओरडली, "आवं कुणासाठी रडता?" त्या माणसाने भिंतीकडे बोट केलं. तो त्या मुलीचा मामा होता.

हळूहळू सगळं बाहेर पडलं. एकादशीला त्यांच्या गावचा एकजण गडाला चालला होता, त्याने भिंतीवर ही बाई बघितली. हनुवटीचे तीन ठिपके बघून ओळखली. निळं आभाळ, भोवती गोल, खाली झेंडूचा हार. त्याने फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला आणि खाली दोन हात जोडलेले टाकले. मग सगळ्या गावाने हात जोडले. मामाकडे बहिणीच्या घरातला एकही नंबर नव्हता. पाच वर्षांत त्याने तो कधी मागितला नव्हता.

मी गोलाकडे बघितलं आणि पहिल्यांदाच मला तो दिसला. वाढदिवसाच्या बोर्डाला आम्ही चौकट काढतो, गेलेल्या माणसाला गोल. शंभर, दोनशे, किती माणसं मी असल्या निळ्या आभाळात बसवली असतील याचा हिशेब नाही. हाताने त्या हसऱ्या बाईलाही तिथेच नेऊन बसवलं होतं, आणि मी कौतुकाने बघत उभा होतो.

फोन लागता लागेना. शेवटी मुकादमामार्फत तासाभराने आई फोनवर आली. चुलतीने आधी तिचा आवाज ऐकून घेतला, तसं तिला रडू फुटलं, पण तिने ते आवरलं. जित्या माणसाला तुझ्या नावाने रडलो असं सांगत नाहीत. "काय न्हाई, सहज केलता," ती म्हणाली आणि फोन मामाकडे दिला. त्याने फोन कानाला लावला. पलीकडून "हालू, कोण बोलतंय, हालू" असं आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं. तो ऐकत राहिला, तोंड उघडलं, मिटलं, आणि काही न बोलता त्याने फोन परत केला.

मग त्याला राग आला. येणारच. त्याने मला सगळ्यांसमोर विचारलं, "ओ पेंटर, जित्या बाईला मारून टाकली तुमी. काय वाटतं का न्हाई?" मेलेल्या माणसाच्या घरी आल्यासारखे आले होते, त्यामुळे चहाही न घेता ते निघून गेले. मुलगी शाळेच्या फाटकाला धरून उभी होती. मामाने जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवल्यासारखं केलं, पण तो हात पोचला नाही.

वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांनी सांगितलं, अपशकुन आहे, उसात रोज कोयता चालतो, आजच्या आज पुसा. मुख्याध्यापक म्हणाले, वाद नको. ताईने फोन खाली ठेवून मला बाजूला घेतलं. "काका, रविवारी पाहुणे येतायत. पांढरा मारून टाका, प्लीज." तिचंही चुकत नव्हतं. मी म्हटलं, गोल खरवडतो, चौकट करतो, फुलं पुसतो. पण आता कुणाला चौकटही नको होती. ते तोंडच नको होतं.

मी मुलीला विचारायला गेलो, कारण माझ्या हातून झालं होतं. "पुसू का?" हा काय प्रश्न झाला. ती म्हणाली, "आईला काई झालं तर?" आणि थोड्या वेळाने, "ती येईस्तोवर ठिवायचं व्हतं ओ काका." तिला दोन्ही हवं होतं आणि दोन्हीची भीती वाटत होती. सोळा वर्षांच्या पोरीने कोणत्या बाजूने बोलावं, मला तरी सांगता आलं नसतं.

माझ्याकडे पांढऱ्या प्रायमरचा अर्धा डबा होता. दोन हात मारले असते तर ती बाई कायमची गेली असती. मी तो डबा उघडला नाही. शाळेने सव्वीस जानेवारीला मैदानावर रेघा मारायला चुन्याचं पोतं आणलेलं होतं, त्यातला चुना बादलीत घेतला. मुलगी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

"कुठला रंग मारताय?"

"चुना."

तिने माझ्याकडे बघितलं. तिच्या वहीत ते लिहिलेलं होतं. तिने तांब्या घेतला आणि बादलीत आणखी पाणी ओतलं, मग काठीने ढवळत बसली. मी दोन हात मारले. वस्तीतली माणसं बघून समाधानाने घरी गेली. मी हे मुद्दाम केलं का कंटाळ्याने, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. दोन्हीही असेल.

रविवारी पाहुणे आले. त्यांच्यातल्या एका बाईंनी त्या पांढऱ्या जागेकडे बोट दाखवून विचारलं, हे रिकामं का? ताई म्हणाली, मुलांनी ती भविष्यासाठी ठेवलीय. बाईंना ते फार आवडलं, त्यांनी त्या जागेसमोर उभं राहून फोटो काढला. मी तोपर्यंत ब्रश बांधले होते.

नंतर मी आणखी दोन गावं केली. त्यात सांगण्यासारखं काही नाही. ऊन वाढलं, खांद्याचं दुखणं वाढलं. मार्च संपता संपता एका सकाळी त्या मुलीचा फोन आला. "काका, पट्टा पडला. आई आलीय. तुमाला बोलावलंय." मी म्हटलं, कशाला? ती म्हणाली, या तुमी. मी जाणार नव्हतो. मग पिशवीत पांढऱ्या प्रायमरचा तोच डबा आणि एक ब्रश टाकला आणि एसटीत बसलो.

चुना गळला होता. भिंतीच्या पायाशी पापुद्रे पडले होते. गोलाची सगळी रेघ उघडी झालेली, आत एक डोळा, खळी, नाकाचा शेंडा, आणि हनुवटीवरचे तीन ठिपके. दुसऱ्या डोळ्यावर अजून पांढरं होतं. खाली थोडी केशरी फुलं.

मुलीने आईला सगळं सांगितलेलं होतं, ते तिनेच मला सांगितलं. तेवढ्यात आई घरातून आली. व्हिडिओत दिसली त्याहून बारीक, पाय भेगाळलेले, आणि चेहरा नुकताच धुतलेला. केसांच्या कडा ओल्या होत्या, हनुवटीवरून पाणी ओघळत होतं. रस्त्यावरून आल्या आल्या हे सगळं बघून ती थांबलीच नव्हती म्हणे, खाली मान घालून घरात गेली होती. आज पहिल्यांदा ती भिंतीसमोर आली. बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं शिव्या देईल.

"तुमी व्हता ना दादा हितं? भाऊ आला तवा?"

"होतो."

"पोरगी म्हणती, रडला. पोरगी माझं मन राखाया बी म्हणंल. खरंच रडला?"

"रडला," मी म्हटलं. "भिंतीला डोकं लावून रडला."

"कुठं?"

मी जागा दाखवली, गोलाच्या खालच्या कडेला, फुलांच्या वर. तिने तिथे तळहात ठेवला. भेगा पडलेला, काळा, रुंद हात. तो तिथेच ठेवून ती उभी राहिली.

"मग परत फोन आला का त्याचा?" मी विचारलं.

"न्हाई. जिती हाय कळल्यावर कशाला करंल."

तिने हे रागाने म्हटलं नाही. मुलगी दुसरीकडे बघत होती. मला काहीतरी करावंसं वाटलं, आणि मला एकच काम येतं. मी पिशवीतून डबा काढला. म्हटलं, "ताई, माझी चूक झाली. तो गोल तरी मी काढून टाकतो. चौकट करून देतो, चांगली, वाढदिवसाला असते तशी. मग कुणाला काही वाटणार नाही."

"नगं," ती म्हणाली. "गोल राहू द्या. गोल बघून तर आलता तो."

मी डबा परत पिशवीत ठेवला. तिने पदराने चेहरा पुसला आणि आम्हाला चहाला घरात बोलावलं.